पदक मिळालं आणि मुलगी गप्प झाली. क्लारा ह्यूजेस खेळ बदलून बरी झाली, हे खरं आहे का?

बोकाठची

आम्ही कॅनडात कॅलगरीत राहतो. मुलगी सतरा वर्षांची आहे, हिवाळ्यात स्पीड स्केटिंग करते आणि उन्हाळ्यात सायकल. इथे हे दोन्ही खेळ जोडीनेच चालतात. ओव्हलवरचं, म्हणजे स्केटिंगच्या रिंगणातलं, बर्फ बंद झालं की सगळी स्केटर मुलं सायकली बाहेर काढतात, कारण मांड्यांचं काम तेच आणि कमरेत वाकून तासन्‌तास राहायचंही तेच. मार्चमध्ये तिला ज्युनियर गटात लांब अंतराच्या शर्यतीत पदक मिळालं. आम्हाला कुणालाच अपेक्षा नव्हती, तिलाही नव्हती. घरात दिवाळीच झाली, सगळ्यांना फोन झाले. आणि त्यानंतर ती हळूहळू गप्प होत गेली.

आता मे संपत आलाय. शाळेतून आली की झोपते, जेवायला उठवावं लागतं. आधी रोज रात्री तळघरात बसून स्केट्स जिगमध्ये (त्या घट्ट धरून ठेवणाऱ्या साच्यात) अडकवायची आणि दगडावर पात्यांना धार काढायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. आता ती बॅग गॅरेजमध्ये पडून आहे. सायकलच्या टायरमध्ये हवासुद्धा भरलेली नाही. विचारलं तर एकच उत्तर, "काही नाही गं आई, दमलेय." परवा नळ सोडून बाथरूममध्ये रडत होती.

सासूबाईंचा सांगलीहून फोन येतो, त्या म्हणतात पोरीला दृष्ट लागली, मीठमोहऱ्या ओवाळून टाक. मी ओवाळल्या. नवऱ्याचं मत वेगळं आहे. तो म्हणतो, "क्लारा ह्यूजेस बघ. सायकलिंगमध्ये डिप्रेशन आलं, सायकल सोडली, स्केटिंग धरलं आणि ऑलिंपिकचं सोनं आणलं. हिला उलट करू दे. स्केटिंग बंद, पूर्ण वेळ सायकल." ऐकायला पटतं. क्लारा ही कॅनडाची खेळाडू, इथे घराघरात माहीत आहे, मुलीच्या क्लबमध्ये तिचा फोटोही आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिच्या बाबतीत खरंच असं झालं होतं का? आणि मुलीला आत्ता तिची गोष्ट सांगावी, की त्याचंच आणखी ओझं होईल?

---

पेडल नाशिक

ताई, मी नाशिकला मुलामुलींना सायकलिंग शिकवतो. क्लाराबद्दल जाणकार लिहितीलच, मी फक्त शरीराचं सांगतो. लांब पल्ल्याच्या खेळातल्या मुलींमध्ये लोह कमी पडणं फार बघितलंय. हिमोग्लोबिन ठीक दिसतं आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेलं असतं. झोप, थकवा, चिडचिड, कशातच रस नाही, सगळं त्यातही दिसतं. थायरॉइड आणि बी-१२ पण बघून घ्या. पाळी नियमित आहे का हेही विचारा. व्यायामाच्या मानाने खाणं कमी पडलं की पाळी लांबते आणि मुली ते घरी सांगत नाहीत.

याचा अर्थ मनाचं काही नाही, असं मी म्हणत नाही. अभिनव बिंद्राने २००८ला बीजिंगमध्ये सोनं घेतलं आणि त्यानंतर आलेल्या पोकळीबद्दल तो स्वतः जाहीरपणे बोललाय. ज्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षं उठायचं ती हातात आली, मग उद्या सकाळी कशासाठी उठायचं? आमच्याकडे मुलगा हरला की सगळे त्याच्याभोवती जमतात. जिंकलेल्या मुलाला "कसा आहेस" असं कुणी विचारत नाही. हे मला फार सलतं.

---

विनिपेगची अनु

बोकाठची ताई, थोडं सविस्तर लिहिते. क्लारा आमच्या गावची, जन्म १९७२चा, इथलाच. मी इथे शाळेत समुपदेशक आहे आणि तिची गोष्ट मुलांसमोर पुष्कळदा येते. तुमचे यजमान म्हणाले तशीच ती बहुतेकांच्या डोक्यात असते. सायकल, डिप्रेशन, स्केटिंग, सोनं. यातला क्रम जुळत नाही, आणि तुमच्यासाठी नेमका क्रमच महत्त्वाचा आहे.

१९९६ला अटलांटात ती २३ वर्षांची होती. सायकलिंगची दोन कांस्यपदकं घेतली, एक रोड रेसचं आणि एक टाइम ट्रायलचं, म्हणजे एकेकट्याने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीचं. नैराश्य आलं ते यानंतर. हरून नाही, गळ्यात दोन पदकं घालून घरी आल्यावर. जवळजवळ दोन वर्षं ती त्यात होती. झोप संपत नव्हती, रडू येत होतं, वजन वाढत गेलं, शरीर साथ देईना. खेळाडूच्या बाबतीत हे ओळखणं फार अवघड, कारण त्यांना लहानपणापासून शिकवलेलं असतं की दमलं तरी रेटायचं. त्यामुळे आजारी पडलेलं मूल स्वतःला आळशी समजतं आणि आणखी रेटतं. तुमची मुलगी "दमलेय" म्हणते ना, ते ती खोटं बोलत नाहीये. तिच्याकडे त्यासाठी तेवढाच शब्द आहे.

आता पुढचं बघा. २०००च्या सिडनी ऑलिंपिकला क्लारा सायकलवरच होती, टाइम ट्रायलमध्ये सहावी आली. म्हणजे त्या दोन वर्षांतून ती बाहेर पडली ती सायकल चालवत असतानाच. बर्फावर गेली ती सिडनीनंतर. आणि ते नवीन काही धरणंही नव्हतं. शाळकरी वयात तिने १९८८चं हिवाळी ऑलिंपिक टीव्हीवर पाहिलं, गेटन बूशे या कॅनेडियन स्केटरची शर्यत पाहिली आणि ठरवलं की मला हे करायचंय. ते ऑलिंपिक तुमच्याच कॅलगरीत झालं, त्याच ओव्हलवर, जिथे तुमची मुलगी सराव करते. तिची सुरुवात स्केटिंगने झाली होती, सायकल मध्ये आली आणि तिला दहा वर्षं घेऊन गेली. ती परत गेली ती पहिल्या ओढीकडे. कुणी "हा खेळ तुला सोसत नाही" म्हणून तिला हलवलं नव्हतं.

परत गेल्यावर काय केलं ते तर थक्क करणारंच आहे. २००२ला सॉल्ट लेक सिटीत ५००० मीटरचं कांस्य, म्हणजे बर्फावर परतून दीडेक वर्ष झालेलं असताना. २००६ला तुरिनमध्ये त्याच शर्यतीत सोनं, वेळ ६ मिनिटं ५९.०७ सेकंद, शिवाय टीम परस्यूट या सांघिक शर्यतीचं रौप्य. तुम्हाला माहीतच आहे, ५००० म्हणजे ओव्हलच्या साडेबारा फेऱ्या, आणि शेवटच्या तीन फेऱ्यांत पाय कुणाचे आहेत तेच कळत नाही. ती रेषा ओलांडून बर्फावर आडवीच झाली होती. त्यानंतर तिने स्वतःचे दहा हजार डॉलर राइट टू प्ले या संस्थेला दिले, जी गरीब आणि युद्धाने होरपळलेल्या भागांत मुलांना खेळायला मिळावं म्हणून काम करते. २०१०ला व्हँकूव्हरला उद्घाटनाच्या वेळी कॅनडाचा झेंडा तिच्या हातात होता, आणि ५००० मध्ये पुन्हा कांस्य. उन्हाळी आणि हिवाळी, दोन्ही ऑलिंपिकमध्ये एकापेक्षा जास्त पदकं घेतलेली ती जगातली एकटीच. तिची एकूण पदकं सहा, आणि त्याच विनिपेगच्या स्पीड स्केटर सिंडी क्लासेनचीही सहाच, हे आम्ही गाववाले अभिमानाने सांगतो.

आणि मग २०१२ला लंडनला ती पुन्हा सायकलवर आली. वय ३९. टाइम ट्रायलमध्ये पाचवी. सायकलने तिला आजारी केलं असतं तर ती परत तिकडे गेली असती का? हे यजमानांना जरूर सांगा. त्यांची तळमळ खरी आहे, लेकीला त्रासातून बाहेर काढायला एखादी वाट दिसली की बाप ती धरणारच. पण ही वाट क्लाराची नाही.

तिच्या बाबतीत वळण आलं ते वेगळ्याच ठिकाणी. राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात संघाच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की ही मुलगी बरी नाही. त्या तिच्याशी बोलल्या. हे डिप्रेशन असू शकतं आणि यावर मदत मिळते, असं सांगितलं. एवढंच. पदकं मोजणारे लोक भोवती खूप होते, पण "तू मला ठीक दिसत नाहीस" असं म्हणणारं माणूस ते. शाळेत मुलांना मी हा भाग सांगते, तुरिनचा नाही.

घरची बाजूही तिने लपवली नाही. वडील दारूच्या आहारी गेलेले, ती स्वतः कोवळ्या वयात दारू-सिगारेटला लागलेली. २०१५ साली आलेल्या आत्मकथनात हे सगळं आहे. खेळाने तिला त्यातून वर काढलं हे खरं, पण खेळाने ते पुसलं नाही. तुमच्या घरी असं काही आहे असं मला अजिबात सुचवायचं नाही. एवढंच की नैराश्याला एकच कारण शोधायला गेलं की आपण कुणाला तरी दोषी ठरवतो. खेळाला, कोचला, नजर लावणाऱ्या शेजारणीला, नाहीतर स्वतःला. आई बहुतेक वेळा स्वतःलाच धरते. ते करू नका.

आता आत्ताचं. खेळ सोडायचा की धरायचा, हा निर्णय सध्या कुणीच घेऊ नका, तिनेही नाही. बरं नसताना घेतलेला निर्णय नंतर तिचा राहत नाही. पहिलं काम फॅमिली डॉक्टर. नाशिकच्या दादांनी लिहिलेल्या रक्ताच्या चाचण्या तिथेच होतील, आणि तिथेच मनाबद्दलही बोला. भेटीचा काही वेळ तरी डॉक्टरांशी तिला एकटीला बोलू द्या. आठवड्यांमागून आठवडे असं चाललंय, म्हणजे "बघू पुढे" म्हणायची वेळ गेली.

दुसरं, तिला सरळ विचारा. तोंडासमोर बसवून नाही, गाडीत विचारा, दोघींची नजर रस्त्यावर असताना. "तुला जगावंसं वाटत नाही, मरून जावं असं मनात येतं का?" हा प्रश्न आईच्या तोंडून निघत नाही, मला माहीत आहे. आपल्याकडे तर असं अभद्र बोलू नये म्हणतात. पण विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही. असलाच तर तो एकटीने वाहायचं ओझं कमी होतं. ती "हो" म्हणाली तर थांबू नका, ९८८ला फोन करा किंवा मेसेज करा. हा क्रमांक नोव्हेंबर २०२३पासून सगळ्या कॅनडात चालू आहे, दिवसरात्र. जीवाला लगेच धोका वाटला तर ९११.

आणि क्लाराची गोष्ट सांगायची का? सांगा, पण सोनं वगळून. सतरा वर्षांच्या खेळाडू मुलीला "ती डिप्रेशनमधून उठली आणि ऑलिंपिक जिंकली" असं सांगितलं तर तिला एवढंच ऐकू येईल की आता बरं व्हायचीही शर्यत आहे आणि तीही जिंकायची आहे. तिला ती दोन वर्षं सांगा. पदक जिंकून आलेली मुलगी अंथरुणातून उठू शकत नव्हती, आणि त्यात तिची काही चूक नव्हती, एवढं.

---

तटस्थ

अनुताईंचं लेखन मनापासून आवडलं, पण दोन गोष्टी बोलल्याच पाहिजेत. एक, मनाच्या आरोग्याबद्दलच्या ज्या मोहिमेचा क्लारा चेहरा झाली ती बेल या टेलिफोन कंपनीची आहे. मेसेजमागे पाच सेंट द्यायचे, आणि त्याबरोबर कंपनीचं नाव देशभर. त्याच कंपनीने फेब्रुवारी २०२४मध्ये ४८०० नोकऱ्या कमी केल्या. नोकरी गेलेल्या माणसाच्या मनाच्या आरोग्याचं काय? दुसरं, १९९४ला तिची चाचणी एफेड्रिन या बंदी असलेल्या उत्तेजक औषधासाठी पॉझिटिव्ह आली होती आणि ते वीस वर्षं बाहेर आलं नाही. मुलांपुढे आदर्श ठेवताना हेही सांगायला हवं ना?

---

विनिपेगची अनु

तटस्थ, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगायलाच हव्यात.

एफेड्रिनचं प्रकरण १९९४च्या सिसिलीतल्या जागतिक स्पर्धेचं. तीन महिन्यांची बंदी झाली आणि ती गुपचूप ठेवली गेली. ते औषध शरीरात कसं आलं हे आपल्याला माहीत नाही, असं तिचं म्हणणं आहे. ते मानायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं. पण हे बाहेर काढलं कुणी? तिनेच, २०१५ला, त्याच आत्मकथनात, जेव्हा कुणी विचारतही नव्हतं. एकवीस वर्षं असं काही पोटात ठेवून हसऱ्या चेहऱ्याने झेंडा धरायचा, हे माणसाला आतून काय करत असेल? मी मुलांना हे सांगते, आणि ती ते ऐकून तिच्यापासून दूर जात नाहीत, उलट जवळ येतात. लपवलेलं काही प्रत्येकाकडे असतं.

कंपनीबद्दल माझं मत तुमच्यासारखंच कडक आहे. मोहीम २०१०मध्ये सुरू झाली, पाच सेंटची पद्धत २०२३मध्ये बंद करून त्यांनी ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. जाहिरात आणि दान यांची सरमिसळ मलाही खटकते, आणि नोकऱ्या घालवलेल्यांचा राग रास्त आहे. फक्त एक धरून ठेवते. त्या आधी माझ्या शाळेत "मला डिप्रेशन आहे" हे वाक्य मुलांच्या तोंडून येत नसे. पोट दुखतंय म्हणून यायची. क्लाराने टीव्हीवर ते वाक्य म्हटलं आणि पुढे कुठल्या तरी हॉकी खेळणाऱ्या आडदांड मुलाला ते माझ्या खोलीत म्हणता आलं. त्याचं श्रेय मी कंपनीला देत नाही, तिला देते.

आणि ती फक्त जाहिरातीत बोलून थांबली नाही. २०१४ला १४ मार्चला टोरंटोहून सायकलवर निघाली, १ जुलैला ऑटवाला संसदेसमोर पोचली. या दोन गावांमधलं अंतर गाडीने साडेचारशे किलोमीटर आहे. ती ११० दिवसांत सुमारे ११,००० किलोमीटर फिरली, देशातल्या प्रत्येक प्रांतात आणि उत्तरेच्या तिन्ही प्रदेशांत, वाटेत शाळा, सभागृहं, मूळनिवासींच्या वस्त्या. कॅनडातला मार्च म्हणजे काय ते इथले लोक जाणतात, रस्त्याच्या कडेला मीठ आणि चिखलाचं बर्फ. रोज कुणीतरी येऊन तिला स्वतःचं, भावाचं, गेलेल्या मुलाचं सांगायचं. तेवढं ऐकून घेणं मला ११,००० किलोमीटरपेक्षा जड वाटतं. मी दिवसाला मोजकी मुलं ऐकते आणि संध्याकाळी घरी बोलायची ताकद राहत नाही.

---

पेडल नाशिक

भारतातून वाचणाऱ्यांसाठी एक टाकतो. टेली-मानसचा क्रमांक १४४१६, केंद्र सरकारची सेवा आहे, ऑक्टोबर २०२२पासून. फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. मी माझ्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटावर पिन करून ठेवलाय. एका पालकाने फोन करून विचारलं, सर, हे कशाला, आमची मुलं वेडी आहेत का? मी नंबर काढला नाही.

---

बोकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. अनुताई, तुम्ही म्हणालात तसं गाडीत विचारलं, किराणा आणायला जाताना. हात थरथरत होते. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, मरावंसं वाटत नाही, पण उठावंसंही वाटत नाही. आणि म्हणाली, "पोडियमवर उभी होते ना, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. सगळे टाळ्या वाजवत होते आणि मला काहीच वाटलं नाही. मला त्याची भीती वाटली." मार्चपासून ती हे मनात ठेवून होती. मी क्लाराचं सांगितलं, फक्त अटलांटानंतरचं. तिने विचारलं, "तिला पण?" एवढंच. घरी येऊन तिने स्वतः काहीतरी वाचलेलं दिसलं, मी विचारलं नाही.

डॉक्टरांची वेळ येत्या गुरुवारची मिळालीय. नवऱ्याने हा धागा वाचला, आता खेळ बदलायचं बोलत नाही. पण उन्हाळी शिबिराचे पैसे भरायची तारीख जवळ आलीय, कोचचे मेसेज येतायत. त्यांना काय सांगू? आणि सासूबाई रोज विचारतात, त्यांना काय सांगू?

---

विनिपेगची अनु

विचारलंत, फार चांगलं केलंत. "मरावंसं वाटत नाही" हे उत्तर आजचं आहे, आठवड्याभराने पुन्हा विचारा. आणि ती जे बोलली, काहीच न वाटण्याचं, ते डॉक्टरांना तिच्याच शब्दांत सांगू द्या. जमत नसेल तर कागदावर लिहून न्या, डॉक्टरांना त्याचा खूप उपयोग होतो.

कोचला काय सांगायचं ते आधी तिला विचारा, कारण क्लबमध्ये तिला वावरायचंय. तिला चालत असेल तर एवढं पुरे, की तब्येतीच्या कारणाने सध्या सराव बंद आहे, डॉक्टरांकडे जातोय, शिबिराचं नंतर कळवू. आजाराचं नाव सांगायची सक्ती कुणी करू शकत नाही. पैसे भरायची मुदत वाढवून मागा, नाही मिळाली तर यंदाचं शिबिर राहिलं. शाळेलाही कळवा. जूनमध्ये परीक्षा आहेत, डॉक्टरांचं पत्र असलं की वेळेची सवलत मिळते, पण ती आधी मागावी लागते.

सासूबाईंना खरं सांगा, त्यांच्या भाषेत. पोरीच्या मनाला आजार झालाय, औषधपाणी करतोय, तिच्यासमोर पदकाचा विषय काढू नका. आणि त्यांना तिच्याशी फोनवर बोलू द्या. खेळाचं नाही, सांगलीचं. घरी कोण आलं, आंबे कसे लागलेत, असलं काहीही.